शहाण्या टर्मिनलला शब्दाचा मार

सध्याच्या मराठीत सर्वांत जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य कोणतं, अशी कोणी पाहणी केली तर ‘जेवण झालं का?’ हे दुसरं येईल. पहिलं येईल ‘सर्व्हर डाऊन आहे.’ या वाक्याची ताकद अशी की बोलणाऱ्याकडे पुरावा मागता येत नाही आणि ऐकणाऱ्याला अपील करता येत नाही. पूर्वी हेच काम ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ या वाक्याकडे होतं. पण साहेब निदान सोमवारी तरी परत यायचे. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी उदाहरणादाखल घेऊ. बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे, जगदंबेचं देऊळ इथे, रामनवमीची लाखोंची यात्रा इथे, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेलं नगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालयही इथेच. एवढा मान असलेल्या गावातही गहू द्यायचा की नाही हे ठरवायची वेळ आली की गावाचं काही चालत नाही. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर टेकलेला अंगठा पडताळणीसाठी आधारच्या यंत्रणेकडे जातो, म्हणजे एक तर बेंगळुरूला नाही तर हरियाणातल्या मानेसरला. तिथे त्याची ओळख पटते, ओळख पटल्याचा निरोप परत येतो, आणि मग दुकानात थप्पी लावून ठेवलेला गहू हातभर अंतरावरच्या पिशवीत पडतो. गहू हात बदलायला तयार, दुकानदार तयार, कार्डधारक ताई तयार. सगळ्यांना ओळखणारी माणसं भोवती उभी. फक्त यंत्राला अजून कोणाची ओळख पटलेली नसते.

ही यंत्रं अत्याधुनिक म्हणवली जातात, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे. यंत्राचं शहाणपण मोजायचं असेल तर त्याच्या आत काय काय आहे हे पाहून उपयोग नाही. ते मुख्यालयाला न विचारता काय काय उरकू शकतं, हे पाहिलं पाहिजे. या मापानं मोजलं तर १९७०च्या दशकातली हिरव्या अक्षरांची, चांगलीच वजनदार, उंदीरसुद्धा जोडता न येणारी टर्मिनलं आजच्या चकचकीत यंत्रांच्या बरीच पुढे निघतात. आणि हे माप काही कॅलिफोर्नियातून आयात केलेलं नाही. पोहरादेवीच्या यात्रेला येणाऱ्यांच्या पूर्वजांनी तीनचारशे वर्षं याच मापानं धंदा केला. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून बंजाऱ्यांचे तांडे अख्खा देश तुडवत होते. मोगलांच्या फौजा त्यांच्या धान्यावर चालल्या आणि १८०३ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर निघालेल्या आर्थर वेलस्लीच्या फौजेची भिस्तही त्यांच्या लदेणीवर होती. फौजेनं सांगायचं ते एवढंच : इतकं धान्य, अमक्या ठिकाणी, अमक्या दिवशी. कोणत्या घाटानं जायचं, पाणी कुठल्या नाल्याला असेल, लंगडणाऱ्या बैलाचं काय करायचं, मुक्काम कुठे टाकायचा, हे तांड्याचा नायक आणि कारभारी बघून घेत. प्रत्येक बैलाचं पाऊल उचलण्याआधी छावणीकडे स्वार पाठवून परवानगी घ्यायची पद्धत असती तर त्या मोहिमेतली असईची लढाई अजून सुरूच व्हायची होती.

संगणकाच्या जगात मात्र सुरुवात नेमकी त्या परवानगीच्या पद्धतीनं झाली. सुरुवातीला टर्मिनल म्हणजे तारयंत्राचा टाइपरायटर. टेलीटाइप कंपनीचं १९६३ सालचं ‘मॉडेल ३३’ हे त्यातलं सर्वांत खपलेलं. सेकंदाला दहा अक्षरं, सगळी मोठ्या लिपीतली, आणि आवाज असा की शेजारच्या खोलीत काम चालू आहे हे तिसऱ्या खोलीत कळावं. त्याच्याकडे स्मृती नव्हती, विचार नव्हता. जे येईल ते कागदावर ठोकायचं. पुढे कागदाच्या जागी काच आली आणि या यंत्राला ‘काचेचा टेलीटाइप’ म्हणू लागले. प्रगती झाली ती कागदाच्या बिलात. तुम्ही कळ दाबली की अक्षर पडद्यावर उमटत नसे; ते तारेवरून मुख्य संगणकाकडे जाई, त्यानं ते पाहून परत धाडलं की तुमच्या पडद्यावर येई. स्वतः टाइप केलेलं ‘ए’ स्वतःला दिसण्यासाठी दुसऱ्या इमारतीतून मंजूर होऊन यावं लागे. मुख्य संगणक कामात असला की माणूस पूर्ण वाक्य आंधळेपणानं ठोकून हात जोडून बसे, आणि मग सगळी अक्षरं एकदम पंगतीला बसल्यासारखी येत.

पण या मठ्ठ यंत्रांना एक गुण होता, प्रामाणिकपणा. लिअर सिग्लर या अमेरिकन कंपनीनं १९७० च्या दशकाच्या मध्यावर ‘एडीएम-३’ आणि पाठोपाठ ‘एडीएम-३ए’ हे स्वस्त टर्मिनल काढलं, जोडणीचा संच हजार डॉलरच्या आत, आणि जाहिरातीत छातीठोकपणे त्याला ‘डंब टर्मिनल’ म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, त्या शब्दांचा ट्रेडमार्क घेतला. आपल्या मालाला मठ्ठ म्हणवून घेण्याचा हक्क राखून ठेवणारी कंपनी त्यानंतर झाली नाही. आज तर चहाच्या किटलीवरसुद्धा ‘स्मार्ट’ लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे या मठ्ठानं जगावर जी छाप टाकली ती भल्याभल्या शहाण्यांना जमली नाही. त्याच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच बाण काढलेले होते. बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्यानं बर्कलीत याच टर्मिनलवर ‘व्हीआय’ हा संपादक लिहिला, त्यामुळे आजही जगभरचे प्रोग्रामर डावीकडे जायला एच दाबतात. ‘होम’ ही खूण नागमोडी रेघेच्या कळेवर होती, म्हणून युनिक्समध्ये आपल्या घराच्या फोल्डरला आजही नागमोडी रेघ. कंपनीनं पैसे वाचवायला कळा कमी केल्या आणि पुढच्या पिढ्यांनी ती परंपरा म्हणून जपली. आपल्याकडच्या कित्येक कुळाचारांची उत्पत्तीही अशीच निघेल, पण तो विषय वेगळा.

पडद्यावर एका ओळीत ऐंशी अक्षरं, हाही असाच वारसा. आयबीएमनं १९२८ मध्ये पंच कार्डावर ऐंशी रकाने पाडले, आणि कार्डं रद्दीत गेल्यानंतरही ऐंशीचा आकडा पडद्यावर ठाण मांडून बसला. १९७० मध्ये टेक्ससच्या सॅन अँटोनिओतून आलेल्या ‘डेटापॉइंट २२००’ चा पडदा तर बारा ओळींचा, ऐंशी रकान्यांचा आणि साधारण कार्डासारखाच आडवा होता. या यंत्राची कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे. बनवणाऱ्या कंपनीचं नावच ‘कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशन’, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटलं की हे टर्मिनल. प्रत्यक्षात आत पूर्ण प्रोसेसर होता आणि वर दोन कॅसेट; कॅसेट बदलली की ते यंत्र या कंपनीचं टर्मिनल व्हायचं, त्या कंपनीचं व्हायचं, आणि कोणाशीच न बोलता स्वतःचा हिशोबही करायचं. हा प्रोसेसर एका चिपमध्ये बसवून द्या, अशी मागणी कंपनीनं इंटेलकडे केली. इंटेलला उशीर झाला, तोवर कंपनीनं सुट्या भागांतून आपलं काम भागवलं आणि चिप काही घेतली नाही. हक्क इंटेलकडेच राहिले. १९७२ मध्ये ती ‘८००८’ म्हणून बाजारात आली. तिची पुढची पिढी ८०८०, त्यापुढे १९७८ ची ८०८६, आणि तिथून आजच्या ऑफिसातल्या बहुतेक संगणकांपर्यंत वंशावळ सरळ येते. थोडक्यात, सेतू केंद्रातला संगणक हा एका शहाण्या टर्मिनलचा पणतू आहे. पणजोबा मुख्यालयाशिवाय हिशोब करायचे. पणतू ब्राउझर उघडून गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतो. घराणं खालावलं म्हणतात ते याला.

शहाणपणाचा खरा कळस म्हणजे ‘ब्लॉक मोड’. आयबीएमचं ३२७० घराणं १९७१ चं, ह्युलेट-पॅकार्डचं २६४० हे १९७४ चं. यांची रीत अशी : मुख्य संगणक एकदाच अर्जाचा नमुना पाठवतो आणि बाजूला होतो. पडद्यावर ‘नाव’, ‘खाते क्रमांक’, ‘रक्कम’ ही छापील अक्षरं दिसतात. ती संरक्षित, त्यांच्यावर कर्सर गेला तरी ती पुसली जात नाहीत. रिकाम्या जागा तुमच्या. रकमेच्या रकान्याला ‘फक्त आकडे’ असा गुण लावता येतो. मग तुम्ही लिहा, खोडा, मधलं अक्षर काढा, ओळ वर सरकवा; मुख्य संगणकाला यातलं काहीही कळत नाही आणि त्याची इच्छाही नसते. सगळं मनासारखं झालं की एन्टर, आणि भरलेला अर्ज एका गठ्ठ्यानं रवाना. आयबीएमच्या पद्धतीत तर बत्तीस टर्मिनलांच्या मागे एक कंट्रोलर असे. वरच्याशी बोलणी त्यानं करायची, म्हणजे तांड्याचा कारभारीच. उत्तर येईपर्यंत ३२७८ या मॉडेलच्या पडद्याच्या तळाशी एक फुली आणि इवलंसं घड्याळ दिसे. आता याच्या शेजारी आजचा ऑनलाइन अर्ज ठेवा. बावीस रकाने भरावेत, जातीचा दाखला दोनशे केबीच्या आत बसवावा, ‘सबमिट’ दाबावं, आणि उत्तर यावं की तुमचं सत्र संपलं आहे, कृपया पुन्हा सुरुवात करा. भरलेलं सगळं गायब. पन्नास वर्षांपूर्वीच्या टर्मिनलनं रेषा तुटली तरी तुमचं लिखाण पडद्याच्या स्मृतीत धरून ठेवलं असतं. आजच्या यंत्राकडे लाखो पट स्मृती आहे. फक्त तुम्ही काय लिहिलं ते तिला आठवत नाही.

इथे जाणकार वाचक हात वर करील, आणि त्याचा आक्षेप खरा आहे. टर्मिनल शहाणं झालं म्हणजे फसवताही येऊ लागलं. ही टर्मिनलं ‘एस्केप’ या अक्षरानं सुरू होणाऱ्या सांकेतिक आज्ञा पाळत. मजकुरातच त्या मिसळलेल्या असत. काही मॉडेलांना अशीही आज्ञा होती की पडद्यावरची ओळ जणू वापरणाऱ्यानंच टाइप केली आहे अशा थाटात मुख्य संगणकाला परत पाठव. विद्यापीठांतल्या वात्रट पोरांना यापेक्षा काय हवं? सहकाऱ्याला साधासा निरोप धाडायचा, त्यात दोन-चार आज्ञा दडवायच्या. त्यानं निरोप उघडला की त्याचंच टर्मिनल त्याच्याच नावानं त्याच्याच फायली उडवायचा हुकूम देऊन मोकळं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात तो असा. मठ्ठ एडीएम-३ए ला हे करायला सांगितलं असतं तर त्यानं बिचाऱ्यानं फार तर चार वेडीवाकडी अक्षरं काढली असती. आक्षेप मान्य. पण त्यावरचा उपाय त्या काळी शोधला गेला तो आज्ञा गाळण्याचा, अशी धोकादायक आज्ञा टर्मिनलातून काढून टाकण्याचा. टर्मिनलला पुन्हा मठ्ठ करा, असं कोणी म्हटलं नाही. कारकुनानं एकदा चुकीच्या कागदावर सही केली म्हणून त्याचा पेन काढून घेत नाहीत. निदान कारकुनाची युनियन असेल तर घेत नाहीत.

उलट १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं ‘व्हीटी१००’ आलं ते जास्त शहाणं होऊनच. आत इंटेलची ८०८० चिप, सगळी मिळून तीन किलोबाइट स्मृती. आजकाल सकाळी आठला येणारं सूर्योदय-गुलाबाचं एक शुभप्रभात यापेक्षा कैक पटीनं जड असतं. त्या तीन किलोबाइटांत हे यंत्र ओळी हळुवार वर सरकवायचं, एका ओळीत १३२ अक्षरं मावून घ्यायचं, दुप्पट उंचीची अक्षरं काढायचं, आणि आपल्या आवडीनिवडी बंद केल्यावरही लक्षात ठेवायचं. कळ दाबल्यावर येणारा ‘टक्’ हा आवाजही कळेचा नव्हता. तो खास स्पीकरमधून काढलेला होता, कारण टाइपरायटरवर वाढलेल्या बोटांना आवाजाशिवाय काम झाल्यासारखं वाटत नसे. या यंत्रानं प्रमाण आज्ञावलीचा असा जम बसवला की एस्केप, चौकटी कंस, दोन आणि जे, एवढं पाठवलं की पडदा स्वच्छ होतो, हे आजच्या लिनक्सलाही कळतं. बनवणारी कंपनी १९९८ मध्ये विकली गेली. तिची भाषा मात्र तिच्यापेक्षा जास्त टिकली.

आता कोणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेचं कौतुक झालं. आपला याच्याशी संबंध काय? संबंध असा की मराठी संगणकावर आली ती टर्मिनलच्या शहाणपणाच्या खांद्यावर बसून. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्याकडे देवनागरी टर्मिनलचं काम झालं. त्यातले मोहन तांबे पुढे हे तंत्र घेऊन पुण्याला, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅकमध्ये आले, आणि ‘जिस्ट’ या नावानं ते देशभर गेलं. अडचण ही होती की त्या काळचे युनिक्सचे मोठे संगणक इंग्रजीशिवाय काही जाणत नव्हते, आणि त्यांना देवनागरी शिकवायची म्हणजे प्रत्येक प्रोग्राम उघडून दुरुस्त करायचा. जिस्टनं डोकं वेगळीकडे लावलं : मुख्य संगणकाला काही शिकवूच नका, टर्मिनलला शिकवा. मुख्य संगणकाकडे नुसते आकडे जायचे. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांची उठाठेव टर्मिनल स्वतः करी. ‘वाशिम’ हा शब्द घ्या. टाइप करताना आधी श, मग ऱ्हस्व वेलांटी; साठवतानाही तोच क्रम. पण पडद्यावर वेलांटी श च्या आधी यायला हवी. ही उलथापालथ मुख्य संगणकाच्या नकळत, टेबलावरच्या खोक्यात व्हायची. वरचा साहेब समजे की खाली काही तरी आकडेमोड चालली आहे. खाली सातबाराच्या भाषेत कारभार चालू.

या जिस्टसोबत जो इनस्क्रिप्ट कीबोर्ड प्रचारात आला, त्यावर ‘पोहरादेवी’ हे नाव एकदा टाइप करून पाहण्यासारखं आहे. प, ओकार, ह, र, काना, द, एकार, व, दीर्घ वेलांटी. इंग्रजी कळांच्या हिशोबानं एच, ए, यू, जे, ई, ओ, एस, बी, आर. नऊ कळा, आणि शिफ्ट एकदाही नाही. ‘मानोरा’लाही लागत नाही. ‘वाशिम’ला मात्र श साठी शिफ्ट दाबावीच लागते, गाव आणि तालुका सरळ बोटानं होतात, जिल्ह्यासाठी दुसरं बोट गुंतवावं लागतं. (कचेऱ्यांचा अनुभव असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) पण खरी बहार पुढे आहे. या नऊ कळांना आकडे देणारी इस्की नावाची जी संकेतावली ठरली, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून जिची नोंद झाली, तिच्यात भारतीय लिप्यांतल्या समान वर्णांना एकच आकडा दिला आहे. त्यामुळे टर्मिनलला लिपी बदलायला सांगितली की तेच नऊ आकडे तेलुगूत दिसत, कानडीत दिसत. आता पोहरादेवीच्या यात्रेला महाराष्ट्रातून, तेलंगणातून, आंध्रातून, कर्नाटकातून जे लोक येतात ते घरी एकच गोरबोली बोलतात. तिला स्वतःची लिपी नाही, म्हणून इकडे ती देवनागरीत लिहितात, तिकडे तेलुगूत, पलीकडे कानडीत. एकाच भाषेची पत्रं एकमेकांना वाचता येऊ नयेत अशी ही अडचण, आणि तिचं उत्तर मुख्यालयात नव्हे, टेबलावरच्या टर्मिनलमध्ये होतं. इंटरनेट गावात पोचण्याच्या कितीतरी आधी. आजचे मोबाइल जोडाक्षरं स्वतःच्या स्वतः काढतात हे मी नाकारत नाही; एवढी एक जुनी अक्कल त्यांनी राखली आहे. पण एका कळेत लिपी पालटून देणारा मोबाइल मात्र सहसा दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. केंद्र नको असं म्हणून कसं चालेल? रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मुंबईसह मोठ्या शहरांत पसरलं. तिथे एकच बर्थ दोन खिडक्यांवरून दोघांना विकली जाऊ नये म्हणून बर्थांची वही एकच आणि एकाच जागी असली पाहिजे. कबूल. रेशनच्या बाबतीतही केंद्राचा उपयोग मोठा आहे. मानोरा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातले तांडे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावचं कार्ड तिकडच्या दुकानात चालतं ते नोंद एका जागी आहे म्हणूनच. मेलेल्याच्या नावावर साखर उचलण्याची जुनी कलाही यानं बरीच लोपली. माझं भांडण वहीशी नाहीच. बर्थ केंद्रात ठरावी. पण प्रवाशाचं वय किती हे लिहायला केंद्र कशाला? परगावचा अंगठा बेंगळुरूला विचारावा. पण जी बाई वीस वर्षं त्याच दुकानातून त्याच पिशवीत गहू नेते, तिची नोंद त्या दुकानाच्या यंत्रात असायला काय हरकत आहे? दिवसाचं वाटप यंत्रानं लिहून ठेवावं आणि रेषा आली की एका गठ्ठ्यानं वर पाठवावं. ब्लॉक मोड म्हणतात तो हाच. विळा-कोयता धरून रेषा झिजलेली बोटं मानेसरला पटत नाहीत, गावाला पटतात.

‘आता फाइव्ह-जी आलं, नेटवर्कचा प्रश्न संपला,’ हा तिसरा आक्षेप. तो करणारे बहुतेक शहरात राहतात आणि लिफ्टमध्ये शिरताना फोन कट झाला की चिडतात. तालुक्याचं नावच मानोरा असल्यामुळे तिथे मोबाइलचे मनोरे पुरेसे असतील अशी समजूत होणं साहजिक आहे. पण मनोऱ्याची धाव ठरलेली असते. एका मनोऱ्याला एका वेळी अमुक इतक्यांचंच ओझं पेलतं, आणि गावाच्या रोजच्या वस्तीचा अंदाज घेऊन तो उभा केलेला असतो. रामनवमीला त्याच गावात लाखो माणसं उतरतात, प्रत्येकाच्या खिशात एक फोन, आणि प्रत्येकाला त्याच क्षणी देवीसमोरचा व्हिडिओ मेव्हण्याला दाखवायचा असतो. अशा वेळी वाढवून किती मनोरे आणणार? आणि तेवढे आणले तरी उरलेले साडेतीनशे दिवस ते काय करणार? रेषा कधी तरी तुटणारच, हे गृहीत धरून यंत्र बनवणं ही १९७० च्या दशकातली साधी सवय होती, कारण तेव्हा रेषा महाग होती, टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला तीस अक्षरं जायची आणि प्रत्येक मिनिटाचं बिल यायचं. डेटा स्वस्त झाला आणि यंत्रं आळशी झाली. यात तंत्रज्ञानाची नव्हे, हिशोबाची कथा आहे : टर्मिनलमध्ये अक्कल घालायला पैसे लागतात, ते बनवणाऱ्याच्या खिशातून जातात. रांगेत उभं राहण्याचा खर्च मात्र रांगेतल्याच्या खिशातून जातो, म्हणून तो कोणाच्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

जुन्या पद्धतीचं शहाणं टर्मिनल आजही पाहायचं असेल तर संग्रहालयात जायला नको. दिग्रस-मानोरा रस्त्यावरच्या एसटीत बसावं. कंडक्टरच्या गळ्यातलं तिकीट मशीन हे त्या घराण्याचं अस्सल वारस आहे. सहा किलोमीटरचा एक टप्पा, गाडीचा प्रकार, मार्गावरची सगळी थांब्यांची नावं त्याच्या पोटात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं, हेही त्याला पाठ. कुठल्या तांड्यापासून कुठल्या फाट्यापर्यंत, दोन फुल एक हाफ, एवढं दाबलं की घाटात, जंगलात, रेंज असो-नसो, चर्र करून तिकीट बाहेर. मुख्यालयाला दिवसभराचा हिशोब डेपोत परतल्यावर एका गठ्ठ्यात मिळतो, आणि तेवढ्यानं मुख्यालयाचं काही बिघडत नाही. हल्ली याच मशीनवर क्यूआरही दिसतो, पैसे फोननं देता येतात. प्रवासी ऐटीत फोन पुढे करतो. मशीननं भाडं केव्हाच काढलेलं असतं, आता फोनवरचं चक्र फिरतंय, फिरतंय, मागच्या सीटवरचे दोघे मान वाकवून त्यात बघतायत, गाडी पुढच्या फाट्यावर येऊन ठेपली, आणि कंडक्टर चामडी पिशवीची चेन उघडत विचारतो, “ते राहू द्या भाऊ. सुटे हायत का?”